गणवेशाचं माप कुणी घ्यायचं?

वाळवणं डब्यात भरून झाली, लोणच्याच्या कैऱ्या फोडून झाल्या की घरोघरी आणखी एक काम निघतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून, कॉटखालच्या ट्रंकेतून मुलांचे गेल्या वर्षीचे गणवेश बाहेर येतात. पँट कमरेत बसते का, कॉलर विरली का, स्कर्टच्या दुमडीत अजून किती कापड शिल्लक आहे, थोरलीचं काय धाकटीला होईल आणि कशाचं आता फडकंच करायचं, हा सगळा हिशेब आपल्यातली प्रत्येक जण मनातल्या मनात करते. याला कुणी काम म्हणत नाही, ते सोडा. पण गेल्या काही वर्षांत हाच हिशेब थेट मंत्रालयात मांडला गेला. त्यावर शासन निर्णय निघाले, बदलले, पुन्हा निघाले. वर्तमानपत्रांत मथळे आले, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. या सगळ्यातून आपल्या हातात नक्की काय आलंय, ते मैत्रिणींनो, आज जरा निवांत बघू या. कारण आलंय काहीतरी नक्की, आणि बहुतेक जणींना त्याचा पत्ता नाही.

आधी पैशांचं. जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिकेच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारकडून गणवेश मिळतो, हे आपल्याला माहीत आहे. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी वर्षाला एका मुलामागे ६०० रुपये धरलेले आहेत, दोन जोडांचे. म्हणजे एका जोडाला ३००. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात दोन जोडांना ४०० मिळायचे, २०१८ मध्ये त्याचे ६०० झाले. त्यानंतर कापड वाढलं, दोरा वाढला, शिलाई तर केवढी वाढली! २०२५-२६ या वर्षातही आकडा मात्र ६०० वरच होता. तीनशे रुपयांत शर्ट-पँट किंवा सलवार-कमीज, कापड आणि शिलाईसकट! आपल्या गल्लीतल्या शिंप्याला हे सांगून बघा, तो चहा पाजेल आणि हसत हसत निरोप देईल.

त्यात आणखी एक गंमत होती. केंद्राच्या नियमात सगळ्या मुली येतात, अनुसूचित जाती-जमातींची मुलं येतात, दारिद्र्यरेषेखालची मुलं येतात. उरलेल्या मुलग्यांचं नाव त्यात नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाला नवा कोरा गणवेश मिळायचा आणि दुसऱ्याला का नाही, हे त्याच्या आईनं समजावून सांगायचं. काही ठिकाणी गावानं, ग्रामपंचायतीनं नाहीतर शिक्षकांनीच पदरचे पैसे घालून ही उणीव भरून काढली. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की या उरलेल्या मुलांचाही खर्च राज्य करेल, आणि सगळ्यांनाच गणवेश मिळेल. सोबत एक बूटजोड आणि दोन जोड मोजे, त्यासाठी मुलामागे १७० रुपये. या निर्णयाला मी मनापासून चांगलंच म्हणते. वर्गातला भेदभाव त्यानं एका फटक्यात पुसला.

आता हे पैसे आपल्यापर्यंत पोहोचवायचे कसे, यावर मात्र सरकारनं जे प्रयोग केले ते बघण्यासारखे आहेत.

२०१७ च्या सुमारास पैसे थेट मुलांच्या बँक खात्यात टाकायचं ठरलं. ऐकायला छान. पण खातं उघडायचं म्हणजे आधार, फोटो, तालुक्याच्या गावी दोन-तीन हेलपाटे, त्या दिवसांची बुडालेली मजुरी. काही बँका खात्यात पाचशे-हजार रुपये शिल्लक ठेवा म्हणत होत्या. चारशे रुपये मिळवायला हजार अडकवायचे! शिवाय आधी स्वतःच्या पैशानं गणवेश घ्या, पावती दाखवा, मग पैसे मिळतील असा क्रम. ज्या बाईकडे आधी घालायला पैसे असते तिला या योजनेची गरजच काय होती? शेवटी तो प्रयोग गुंडाळावा लागला आणि पैसे पुन्हा शाळेकडे आले.

दुसरा प्रयोग ताजा आहे, ‘एक राज्य, एक गणवेश’. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी २०२३ मध्ये त्याची घोषणा केली आणि २०२४-२५ मध्ये तो राज्यभर लागू झाला. चांद्यापासून बांद्यापर्यंत सगळ्या सरकारी शाळांना सारखेच दोन गणवेश. एक आकाशी शर्ट आणि गडद निळ्या पँटचा, दुसरा स्काउट-गाइडचा. आठवड्यातले तीन दिवस हा, तीन दिवस तो. कापड राज्य पातळीवरून एकत्र घ्यायचं. पहिला गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांनी शिवायचा आणि दुसऱ्याचं कापड शाळेला पाठवून तिथल्या तिथे बचत गटाकडून शिवून घ्यायचं. शिलाई आणि वरखर्च मिळून एका गणवेशाला ११० रुपये.

कल्पना वाईट होती असं मला वाटत नाही. लाखो मीटर कापड एकदम घेतलं तर स्वस्त पडतं आणि दर्जा सारखा राहतो. शिलाईचं काम बायकांना मिळतं. कागदावर सगळं जुळत होतं. मग बिघडलं कुठे?

पहिलं म्हणजे वेळ. गणवेशाचा धंदा कसा चालतो ते सोलापूरच्या कुठल्याही कारखानदाराला विचारा. शालेय गणवेशांसाठी सोलापूरचं नाव देशभर आहे. तिथे जूनच्या गणवेशाची गडबड हिवाळ्यातच सुरू होते. कापड भिलवाडा, इचलकरंजी, भिवंडी अशा गावांत विणलं जातं, रंगतं, मग कटिंग, मग शिलाई, काज-बटण, इस्त्री, गठ्ठे. चाळीस लाखांहून जास्त मुलांचे गणवेश आणि त्यांच्या शिलाईच्या सूचना शाळा उघडायच्या तोंडावर, जून महिन्यात निघतात, तेव्हा ते वेळेत होणार कसे? झालंही तसंच. १५ ऑगस्ट २०२४ ला अनेक शाळांतली मुलं झेंड्याला मागच्या वर्षीच्या, तोकड्या झालेल्या कपड्यांत उभी होती. काहींना पहिला जोड दिवाळीच्या आसपास मिळाला, तोवर शाळेचं अर्धं वर्ष सरलं होतं.

दुसरं, माप. इयत्ता तिसरी म्हटलं म्हणजे सगळ्या मुलांचं माप एक होतं का? तिसरीच्या वर्गात एक पोरगं काडीसारखं असतं, दुसरं गुटगुटीत. ऊसतोड मजुरांच्या मुलांचं आणि शहरातल्या मुलांचं माप एका साच्यात कसं बसेल? कुणाची पँट पायात घोळतेय, कुणाला शर्टाची बटणं लागत नाहीत, कुठे एक बाही मोठी एक लहान, अशा बातम्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आल्या. कापून आलेलं कापड जुळत नाही म्हणून बचत गटांनी ते परत केल्याच्याही आल्या.

आणि तिसरं, ते ११० रुपये. यावर फारसं कुणी बोललं नाही म्हणून मी थोडं जास्त बोलते. आमच्या भागात शिवणकाम करणाऱ्या गटांशी माझा नेहमीचा संबंध आहे. एक ताई मला म्हणाल्या, “बाई, ब्लाउज शिवला तरी याच्या दुप्पट-तिप्पट सुटतात. याच्यात दोरा माझा, वीज माझी, मशीन माझी.” बचत गटाला काम दिलं की बायकांचं भलं झालं असं आपण पटकन म्हणतो. पण बाजारभावाच्या निम्म्यानं काम देणं याला मदत म्हणायचं, की बायकांच्या मेहनतीवर सरकारचे पैसे वाचवणं? बिनहिशेबी कष्ट घरात तर आपण उपसतोच, आता सरकारी कामातही तेच.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला. २०२५-२६ पासून दोन्ही गणवेशांचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यायचे आणि गणवेश समितीनं घ्यायचे, असं ठरलं. बातमी आतल्या पानावर आली आणि विरून गेली. पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली हीच सगळ्यात मोठी बातमी आहे.

कारण ही समिती म्हणजे कोण? शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या २१ व्या कलमात लिहिलंय की समितीत किमान पाऊण हिस्सा पालकांचा असला पाहिजे आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे कायद्यानं आपल्याला तिथे बसवलेलं आहे. गणवेशाचं कापड कोणतं, कुणाकडून घ्यायचं, कुणी शिवायचं, किती दिवसांत द्यायचं, हे ठरवण्याची जागा तीच. आणि प्रत्यक्षात काय होतं? सभेची वही सदस्य बाईच्या घरी येते. ती कणीक मळता मळता हात पुसते, शिपाई सांगेल तिथे सही करते. कितीतरी ठिकाणी नाव तिचं आणि सभेला बसतो तिचा नवरा किंवा दीर. गणवेश कुठल्यातरी दुकानदाराकडून परस्पर येतो. मुख्याध्यापकांनाही सोपं जातं, त्यांच्यामागे आधीच शंभर कामं असतात, त्यांचा फार दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण मग मंत्रालयातून ठरलेलं माप आणि गावातल्या दुकानदारानं ठरवलेलं माप, यात फरक काय राहिला?

तुम्ही म्हणाल, गणवेशात एवढं ठरवण्यासारखं असतं काय? बघा हं.

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यात उघडते, विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. म्हणजे शाळा आणि पाऊस बरोबरच दारात येतात. ज्या घरात एकच खोली आहे, दोरी चुलीच्या वर बांधलेली आहे, तिथे गणवेश रात्रीतून वाळत नाही. सकाळी ओलसरच अंगात चढतो, पोराला सर्दी होते, नाहीतर ते घरीच राहतं. म्हणून दोन जोड पहिल्या दिवशीच हातात पडायला हवेत. एक जूनमध्ये आणि एक डिसेंबरात, हा हिशेब पावसाला कळत नाही. कापडाचंही तसंच. निव्वळ सुती कापड अंगाला चांगलं, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही आणि इस्त्रीशिवाय चोळामोळा दिसतं. नुसतं पॉलिस्टर झटकन वाळतं पण मार्चच्या उन्हात अंगाला चिकटतं, घामोळं उठतं. मधला मार्ग टेरिकॉट. दुकानदार नमुना दाखवेल तेव्हा त्याचा हातभर तुकडा मागून घ्या. घरी नेऊन रात्री साबणाच्या पाण्यात भिजवा, सकाळी पिळा. रंग गेला का, आटलं का, सगळं कळतं. हे शहाणपण कुठल्याही शासन निर्णयात नसतं, ते आपल्याच हातात असतं.

पहिली-दुसरीच्या मुलांना पँटला हूक नको, इलॅस्टिकच हवं. हूक निघाला नाही म्हणून वर्गात शू होते आणि ते पोर दोन दिवस शाळेत यायला नाही म्हणतं. हे मुख्याध्यापक सरांना सुचणार नाही, पण कुठल्याही आईला विचारा. सलवारीच्या नाडीचंही तेच, लहान मुलींच्या नाडीला गाठ बसली की रडारड. खिसा! मुलींच्या कमिजाला खिसा का नसतो हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. रुमाल, पेन, बसचे सुट्टे पैसे त्यांनाही लागतात, आणि मोठ्या मुलींना तर आणखी एक गोष्ट लागते.

त्याबद्दल थोडं स्पष्टच लिहिते. सहावी ते आठवीच्या मुलींना पाळी सुरू झालेली असते किंवा होणार असते. त्यांना पांढरी सलवार किंवा कवायतीचा पांढरा पोशाख दिला की महिन्यातले चार दिवस त्या जीव मुठीत धरून बसतात. उठताना मैत्रिणीला मागून बघायला सांगतात, फळ्यापाशी जात नाहीत. काही जणी सरळ येतच नाहीत. आजारी होती, असं शाळेत सांगतात. शाळाशाळांतून फिरताना मला हे मुलींनी सांगितलंय, तेही सर बाहेर गेल्यावर. सलवार गडद रंगाची घ्यायची, एवढंच तर ठरवायचं आहे. त्याला एक रुपया जास्त लागत नाही. तसंच वरचं कापड फिकट रंगाचं असेल तर ते पावसात भिजल्यावर किती पारदर्शक होतं, हेही नमुना ओला करून बघायला हवं. पुरुषांनी भरलेल्या सभेत हा विषय निघणार नाही. काढणारी बाई तिथे बसलेली हवी.

आणि दुमड. मूल वर्षात दोन-तीन इंच सहज वाढतं. पँटच्या पायाला, कमिजाच्या घेराला आत दोन इंच कापड ठेवलं आणि शिवणीत मार्जिन सोडलं तर टीप उसवून तोच गणवेश दुसऱ्या वर्षी चालतो. तयार गणवेश घेतले की कापड वाचवायला दुमड अर्ध्या इंचाची असते. मग जानेवारीत पोटऱ्या उघड्या. ऑर्डर देतानाच हे लिहून घ्यायचं असतं, नंतर भांडून उपयोग नाही.

अर्थात, तीनशे रुपयांचा प्रश्न यातून सुटत नाही. कितीही शहाणपणानं घेतलं तरी त्या पैशात चांगला जोड बसवणं अवघड, आणि पैसेही बरेचदा शाळा सुरू झाल्यावर येतात. काही समित्या आसपासच्या चार शाळा मिळून एकत्र कापड घेतात, त्यामुळे भाव कमी मिळतो. हे करण्यासारखं आहे. पण रक्कम वाढवा ही मागणी ग्रामसभेत ठराव करून, आमदार-खासदारांना निवेदन देऊन सतत करत राहायला हवी. लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांवर आपण तासन् तास बोलतो, गणवेशाच्या तीनशेवर कुणीच बोलत नाही.

खाजगी, इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मुलं घालणाऱ्या मैत्रिणींचं दुखणं वेगळं. छोट्या गावांतही आता अशा शाळा झाल्यात. तिथे सोमवारी एक गणवेश, बुधवारी हाऊसच्या रंगाचा टी-शर्ट, शनिवारी पांढरा, आणि बूटही दोन प्रकारचे. मिळतो सगळा एकाच दुकानात, तेही ते सांगतील त्या भावात. खिशावरचं बोधचिन्ह दुसरीकडे मिळत नाही म्हणून नाइलाज. सीबीएसईनं २०१७ मध्येच आपल्या शाळांना पत्रक काढून बजावलं होतं की पुस्तकं-गणवेश विकण्याचा धंदा करू नका. तरी चाललंय, कारण एकटी आई बोलली की मुलाला त्रास होईल ही भीती. पालक-शिक्षक संघाच्या सभेत चौघीजणींनी मिळून एकच मागणी करावी, बोधचिन्हाचा नुसता कापडी तुकडा विकत द्या, बाकी कपडे आम्ही कुठूनही घेऊ. बिल मात्र दर वेळी मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर आणि बूट-चपलांवर पाच टक्केच जीएसटी आहे, वह्या, पेन्सिली, खोडरबरांवर तर काहीच नाही. हजाराच्या आतल्या बुटांवर पूर्वी बारा टक्के लागायचा. तो फरक दुकानदारानं आपल्याला दिला का, हे बिलाशिवाय कळत नाही.

या शाळांनी आणखी एक मोडलं, मोठ्याचं धाकट्याला देण्याची आपली रीत. दर दोन-तीन वर्षांनी गणवेशाच्या पट्ट्या बदलल्या की थोरल्याचा चांगला शर्टही वाया. सरकारी शाळांतही २०२४ च्या प्रयोगात तेच झालं. घरोघरी वरच्या भावंडांचे जपून ठेवलेले गणवेश एका वर्षात निरुपयोगी झाले. समितीनं एकदा रंग आणि नमुना धरला की पुढची पाच-सहा वर्षं तो हलवू नये, असं सभेत लिहूनच घ्यावं.

आमच्याकडे आम्ही काही जणी मिळून एक छोटं काम करतो. निकालाच्या दिवशी सगळे पालक शाळेत येतातच. त्या दिवशी व्हरांड्यात दोन बाकं जोडून ठेवायची. ज्यांच्या मुलांना गणवेश लहान झाले त्यांनी धुऊन, इस्त्री करून, निघालेली बटणं लावून आणायचे. आत छाती-कमरेचं माप लिहिलेली चिठ्ठी टाचायची, नाव कुणाचंच नाही. ज्याला हवा त्यानं उचलायचा, त्याच्या बदल्यात काही आणलंच पाहिजे असं नाही. पहिल्या वर्षी सात-आठच जोड आले, लोक लाजत होते. म्हणून आम्ही समितीच्या अध्यक्षबाईंना आधी त्यांच्या मुलासाठी एक उचलायला सांगितलं. मग इतर बायका पुढे झाल्या. मुलांना तेवढा वेळ मैदानात खेळायला पाठवायचं, आणि कुणी फोटो काढायला मोबाइल पुढे केला तर त्याला सरळ नाही म्हणायचं.